परेरा बाईंची डावी बाजू

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम चौदा हजार पाचशे, जीएसटी वेगळा. हजर : सोसायटीच्या कमिटीचे नऊपैकी सात सभासद, पेस्ट कंट्रोलचा एक माणूस, आणि कोणीही न बोलावता येऊन बसलेल्या बी विंग, दुसरा मजला, येथील मिस फिलोमिना परेरा. मी खजिनदार, म्हणून पेस्ट कंट्रोलचं कोटेशन माझ्या हातात होतं. विषय : परेरा बाईंच्या घरातील किरणोत्सर्गी ढेकूण.

विषय असाच लिहिला होता. त्यात चूक एवढीच होती, की ढेकूण मेलेले होते.

झालं होतं असं. कुरिअरवाल्याने बाईंचा एक खोका वॉचमनकडे ठेवला. खोका पाठवणारे डॉक्टर संझगिरी हे प्रामाणिक गृहस्थ असल्यामुळे आत काय आहे ते त्यांनी वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : किरणोत्सर्गी प्रदूषण झालेल्या परिसरातले कीटक, वाळवलेले, चित्रांसाठी. वॉचमनने ते वाचलं नाही. आमचे चेअरमन मोहिते दुसऱ्यांचे खोके वाचतात. संध्याकाळपर्यंत दोन्ही विंगांमध्ये बातमी गेली, की परेरा बाई रेडिएशनवाले ढेकूण पाळतात आणि ते रात्री पाइपावरून खाली उतरतात.

"बाई, बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत," मोहिते म्हणाले.

"आहेत ना. काल त्यातल्या एकाने माझ्या दारावर बॉल मारला."

"विषय बदलू नका. किडे तुमच्या घरात आहेत की नाहीत?"

"टाचणीवर आहेत, मोहिते. टाचणीवरचा किडा तुझ्या घरी चालत येणार आहे काय?"

बाई सगळ्यांना अरेतुरे करायच्या. चेअरमनला, मला, डॉक्टरांना, वॉर्ड ऑफिसातल्या साहेबालाही. आम्ही मात्र त्यांना अहोजाहो करायचो. हा करार कधी झाला ते कोणालाच आठवत नाही.

शेवटी पेस्ट कंट्रोलच्या माणसाने विचारलं, "मॅडम, मेलेल्याला मी काय मारू?" त्या सभेत निघालेला तो एकमेव मुद्द्याचा प्रश्न होता, म्हणून त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

मोहित्यांनी मोबाईलवर रेडिएशन मोजायचं अॅप घेतलं होतं. अॅप फुकट होतं आणि त्याच लायकीचं होतं. आम्ही सातही जण वरात काढल्यासारखे बाईंच्या घरी गेलो. मोहित्यांनी मोबाईल किड्यांच्या पेटीवर धरला. काटा हलला नाही. पलंगाखाली धरला, फ्रीजवर धरला, वेदीवरच्या मेरीमातेसमोर धरला आणि बाईंनी डोळे वटारल्यावर मागे घेतला. काही नाही. परत जाताना जिन्याखाली, सोसायटीच्या मीटररूमपाशी, मोबाईल किंचाळायला लागला. विषय तिथेच संपला, कारण मीटररूमचा विषय कोणालाच सुरू करायचा नव्हता. कोटेशन मी फाईलला लावलं.

परेरा बाईंचं काम म्हणजे किड्यांची चित्रं काढणं. शोभेची नव्हेत. शास्त्रज्ञाला किड्याच्या अंगावरचा केस न् केस दिसला पाहिजे अशी. भांडुपला किडनाशकं करणाऱ्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. खेडोपाड्यांतल्या औषधांच्या दुकानांत जे तक्ते लटकलेले असतात, कपाशीवरची कीड, भातावरची कीड, त्यातले निम्मे तरी बाईंच्या हातचे. कुठल्याही तक्त्यावर त्यांचं नाव नाही. कंपनीचं नाव आहे, औषधाचं नाव आहे, किड्याचं तर दोन भाषांत आहे. या गोष्टीचा त्यांना इतका राग होता, की निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं घड्याळ त्यांनी संडासात लावलं.

आता कोणाला वाटेल, की बाईंना किड्यांबद्दल माया असणार. त्यांना किड्यांची शिसारी होती. जिवंत किडा दिसला की त्या खुर्चीवर चढत. एकदा त्यांच्या ओट्यावर झुरळ निघालं. एवढ्या जोरात ओरडल्या की माझी बायको वैशाली चपाती तव्यावर टाकून धावली आणि तिने झुरळाला चप्पल हाणली. बाई खुर्चीवरून उतरल्या, दोन चष्मे एकावर एक चढवून झुरळाकडे वाकून बघत म्हणाल्या, "जरा हलक्या हाताने मारायचं ना गं. मागचा पाय तुटला बघ. आता याचं काय करू मी?"

"टाका!" वैशाली म्हणाली. तिची चपाती करपली होती.

त्यांची दुसरी खोड अशी, की माणसाकडेही त्या किड्यासारखंच बघायच्या. आधी मधोमध एक रेघ धरायची आणि मग डावं-उजवं ताडून बघायचं. मोहित्यांच्या मुलाच्या लग्नात त्या स्टेजवर गेल्या, अहेराचं पाकीट दिलं, एक डोळा मिटला आणि नवरीला म्हणाल्या, "तुझी उजवी भुवई वर आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, नवऱ्याचा डावा कान खाली आहे." नवरी बिचारी अल्बमभर उजवा हात कपाळाला लावून उभी आहे. मोहिते ते विसरले नाहीत. मला वाटतं ऑगस्टमधली ती सभासुद्धा त्या भुवईसाठीच होती.

दर तीन महिन्यांनी मी मेंटेनन्सचा चेक घ्यायला त्यांच्याकडे जायचो. ऑनलाईन पैसे त्या भरत नसत. हाताने लिहिलेल्या आकड्यालाच आकडा म्हणायचं असं त्यांचं मत होतं. चेक द्यायच्या आधी त्या मला बसवून घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकातून किडा दाखवायच्या. मी "छान आहे" म्हटलं की चिडायच्या. "छान आहे काय? पेढा आहे काय तो?"

डॉक्टर संझगिरींचं काम असं होतं. दूरच्या एका राज्यात एक खाण आहे. तिच्यातल्या गाळाचं तळं आहे आणि तळ्याच्या काठाने वस्त्या आहेत. खाणीचं नाव बाईंनी मला सांगितलं होतं, मी ते लिहीत नाही. वस्तीतल्या लोकांचं म्हणणं, त्या गाळात किरणोत्सर्ग आहे आणि आमची मुलं आजारी पडतात. खाणवाल्यांचं म्हणणं, काही नाही. डॉक्टर त्या भागातले लाल ढेकूण गोळा करत होते. हा घरातला ढेकूण नव्हे. कपाशीवर, जास्वंदीवर, भेंडीच्या झाडावर लाल-काळा किडा असतो, बऱ्याचदा दोन किडे पाठीला पाठ लावून चालताना दिसतात, तोच. तळ्याकाठच्या या किड्यांत डॉक्टरांना व्यंगं दिसत होती. कोणाची एक मिशी तोकडी, कोणाचा एक पंख चुरगळलेला, कोणाच्या पायाच्या टोकाला गाठ. फोटोत हे नीट दिसत नाही. किड्याचं अंग चकाकतं आणि अर्धा भाग धूसर येतो. म्हणून चित्रं. तेवीस किडे तिकडचे, आणि चोविसावा तुलनेसाठी निरोगी, इकडचा. सगळ्यांचं मिळून पुस्तक आणि ते पुस्तक सरकारी समितीच्या सुनावणीत ठेवायचं.

पुस्तकावर नाव येणार म्हटल्यावर बाईंनी दराची घासाघीस केली नाही. घासाघीस केली ती अक्षरांच्या आकाराची. मुखपृष्ठाचा नमुना आला तेव्हा मला बोलावून फूटपट्टी हातात दिली. "मोज. त्याचं नाव माझ्याहून मोठं आहे."

मी मोजलं. "दोन मिलिमीटरने."

"दोन मिलिमीटर म्हणजे किती असतात माहीत आहे? दोन मिलिमीटरमध्ये माझा किडा जेवून झोपतो."

डॉक्टरांनी दोन मिलिमीटर कमी केले. चाळिशीचा, सतत पळत असलेला, शर्टाच्या खिशाला शाई लागलेला माणूस होता तो. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत त्याने भाड्याने एक खोली घेतली होती आणि तिला तो संस्था म्हणायचा.

या धंद्यात एक रीत आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. किड्याच्या दोन बाजू सारख्या असतात असं धरून चालतात. म्हणून चित्रकार अर्धाच किडा काढतो, डावा. मग त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा उचलायच्या, कागद उलटा करायचा आणि उजवा अर्धा छापून घ्यायचा. वेळ निम्मा लागतो आणि किडा एकदम देखणा दिसतो. ही लबाडी नव्हे, सगळीकडे मान्य असलेली पद्धत आहे. "तीस वर्षं मी अर्धेच किडे काढले," बाई म्हणायच्या, "आणि पगार पूर्ण घेतला." पण तळ्याकाठच्या किड्यांना ही पद्धत चालणार नव्हती. तिथे सगळा मुद्दाच हा, की एक बाजू दुसरीसारखी नाही. सत्तरीला टेकलेल्या बाई आयुष्यात पहिल्यांदा किड्याच्या उजव्या बाजूकडे बघत होत्या. आणि त्यांना त्याचा भलताच नाद लागला. एकेका किड्याला चार-पाच दिवस लागायचे. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली तरी खालून ओरडायच्या, "गॅस बारीक कर! टेबल हलतं!"

तेवीस चित्रं झाली. चोविसाव्यासाठी डॉक्टर फोनवर म्हणाले, "तुमच्याकडे खाली जास्वंद आहे ना मॅडम? तिथलाच घ्या. मुलुंडला काही खाण नाही."

बाई प्लास्टिकचा डबा घेऊन खाली उतरल्या. स्वतः किडा पकडणं शक्य नव्हतं, वैशालीला घेऊन गेल्या. बी विंगच्या मागे गटाराच्या कडेने जास्वंदीची रांग होती. डॉक्टरांचा लेखी नियम होता : पहिला हाताला येईल त्याचंच चित्र, निवड करायची नाही, जोडीला आणखी नऊ पकडून बाटलीत ठेवायचे. नियम अर्थातच तळ्याकाठच्यांसाठी केला होता, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की तुम्ही मुद्दाम लुळेपांगळे शोधून आणले. वैशालीने दहा पकडले आणि दोनदा साबणाने हात धुतले.

त्या संध्याकाळी बाईंनी मला चेकशिवाय बोलावलं. एवढ्यावरूनच काहीतरी झालं आहे हे मी ओळखलं.

"बघ."

मी बघितलं. लाल किडा. पाठीवर पांढरा पट्टा, पंखावर काळा ठिपका.

"ठिपके किती?"

"एक."

"किती पाहिजेत?"

मला माहीत नव्हतं. दोन पाहिजेत, प्रत्येक पंखावर एक. आमच्या जास्वंदीवरच्या पहिल्या किड्याच्या उजव्या पंखावर ठिपकाच नव्हता. तो पंख तोकडाही होता. डाव्या मिशीला चार सांधे, उजवीला तीन. दहापैकी चार किड्यांत असलं काहीतरी होतं.

"म्हणजे इथेही रेडिएशन?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे मीटररूम आली.

"कसलं ते मला विचारू नकोस. रेडिएशन असेल, तू दर महिन्याला गटारावर औषध मारायचे पैसे देतोस ते असेल, नाहीतर किड्याचं नशीब असेल. मी चित्र काढते."

आणि त्यांनी ते काढलं. दोन्ही बाजूंनी, जसं होतं तसं.

बातमी मोहित्यांपर्यंत गेली. त्या सुमाराला सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी चालली होती. बिल्डर दर पंधरा दिवसांनी येऊन चहा पीत होता. मोहिते बाईंच्या दारात चप्पल काढून उभे राहिले. इतकी नम्रता मी त्यांच्यात आधी पाहिली नव्हती.

"बाई, चित्राखाली जागेचं नाव येतं म्हणे."

"यायलाच पाहिजे. नाहीतर किडा आला कुठून, आकाशातून?"

"नुसतं मुंबई लिहिलं तर?"

"मुलुंड पूर्व, बी विंगची मागची बाजू, जास्वंद. गटार लिहू की नको तेवढं सांग. तुझ्यासाठी गटार गाळते."

मोहित्यांनी यावर त्यांच्या पद्धतीने तोडगा काढला. चार दिवसांत सगळी जास्वंद मुळासकट निघाली. त्या जागी सिमेंटच्या कुंड्या आल्या आणि कुंड्यांत प्लास्टिकची पामची झाडं. किड्यांचा प्रश्न सोसायटीपुरता कायमचा सुटला. मला वाटलं बाई भांडतील. त्यांनी खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. मला ते किडे वळवळताना बघून मळमळायचं."

मग डॉक्टर आले. बाईंनी मला साक्षीदार म्हणून बसवलं होतं. कशाचा साक्षीदार ते सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी तेवीस चित्रं पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. चोविसावं पाहिलं आणि ते कोरडे झाले.

"मॅडम, हा किडा जरा... बदलता येईल का?"

"मी काय साडीचं दुकान आहे? हा नको, तो दाखवा?"

"दहापैकी सहा चांगले आहेत ना. त्यातला एक घ्या."

"नियम तुझा. पहिला हाताला येईल तो. तिकडच्यांना लावलास तेव्हा खूश होतास. निवडलेला किडा म्हणजे लग्नाला दाखवायचा फोटो, तो मी काढत नाही."

डॉक्टर खुर्चीच्या टोकावर सरकले. "तिकडे माणसं आहेत हो. मी त्या मुलांना बघून आलोय. सुनावणीत समोरचा वकील बाकीचं काही उघडणार नाही, हे एकच पान उघडेल. म्हणेल, मुलुंडच्या जास्वंदीवरही असाच किडा आहे, मग आमच्या खाणीचा काय संबंध? झालं! एका चित्रापायी त्या लोकांची वाट लागेल."

हा माणूस खोटं बोलत नव्हता, ते बाईंनाही दिसत होतं.

"मग मोज," त्या म्हणाल्या. "इथले दोनशे धर, तिकडचे दोनशे धर. तिकडचे जास्त वाकडे निघतील असं मलाही वाटतं. पण मला वाटतं त्याचं चित्र काढता येत नाही."

"वेळ कुठाय? पैसे कुठायत? त्यापेक्षा डावी बाजू उत्तम आहे, ती उलटी करून टाका ना. सगळे तेच करतात."

"सगळे म्हणजे कोण? मीच! तीस वर्षं मीच! त्यातले किती किडे खरोखर सरळ होते, मला आता माहीत आहे का? मी बघितलंच नाही."

"चोविसावं पान नसेल तर पुस्तक यंदा निघणार नाही मॅडम." डॉक्टरांनी हे हळू आवाजात सांगितलं, पण नेम बरोबर लागला. पुस्तक नाही म्हणजे नाव नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, दुसरा काढला, तोही पुसला. त्यांना ते नाव किती हवं होतं हे मी मिलिमीटरमध्ये मोजलं होतं.

"छापायचं तर हेच छाप," त्या म्हणाल्या आणि चित्र पाकिटात घातलं. "नाहीतर नको छापूस."

डॉक्टर पाकीट घेऊन गेले. चोवीस चित्रांचे पैसे त्यांनी महिन्याभरात भरले, ठरले तेवढेच. बाईंना वाटलं, पोराला अक्कल आली.

फेब्रुवारीत पुस्तक निघालं. बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं, केक आणला होता, घरची वाईन काढली होती, आणि चर्चला जायचा निळा ड्रेस घातला होता. पुस्तक उघडायच्या आधी त्यांनी मुखपृष्ठावरून तीनदा हात फिरवला. अक्षरं सारखी होती. मग एकेक पान, थांबत थांबत. "बघ वैशाली, ही गाठ. ही काढताना मान धरली होती माझी." वैशाली केकवर नजर ठेवून हो हो म्हणत होती.

चोविसावं पान आलं. बाईंनी दुसरा चष्मा चढवला.

"सावंत, हा कोण?"

पानावर एक फार सुंदर किडा होता. दोन ठिपके, दोन सारखे पंख, दोन्ही मिशा एकाच बाकाच्या. खाली लिहिलं होतं : निरोगी नमुना, मुंबई. चित्र : एफ. परेरा.

"तुमचंच ना?" मी म्हणालो.

"उजेड कुठून येतोय सांग."

"खिडकीतून."

"चित्रात रे, गाढवा!"

मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. या धंद्यात उजेड कायम वरून, डावीकडून येतो. जगातला कुठलाही किडा घ्या, चकाकी डाव्या अंगावर, सावली उजव्या. इथे किड्याच्या दोन्ही अंगांवर चकाकी होती. कॉम्प्युटरवाल्याने डावा अर्धा उचलून उलटा चिकटवला होता आणि उजेडही त्याच्याबरोबर उलटला होता.

"दोन सूर्य!" बाई उभ्या राहिल्या. "माझ्या चित्रात दोन सूर्य! मी उलटा करायची तेव्हा नुसत्या रेघा उलट्या करायची, उजेड पुन्हा हाताने टाकायची. अरे, खोटं काम तरी नीट करा!"

खोटेपणाचा राग जास्त होता की सूर्याचा, ते मला आजही सांगता येणार नाही. केक तसाच राहिला. वैशालीने नंतर तो डब्यात भरून आणला.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंधेरीला गेलो. संस्थेच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे छतापर्यंत होते. सुनावणी पुढे गेली होती, त्यामुळे एकही प्रत बाहेर पडली नव्हती. डॉक्टर आम्हाला बघून उठलेच.

"मी डिझायनरला फक्त 'जरा नीट कर' म्हणालो मॅडम."

"केलं ना त्याने. झकास केलं. आता मला एक सांग. सुनावणीत मला उभी केली आणि विचारलं, बाई, हे चित्र तुमचं का? मी काय सांगू?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढे सरकवली. बाई बसल्या नाहीत.

"मी नाही म्हणणार. मी थापा मारते, पण मेरीमातेची शपथ घेऊन नाही मारत. मग तो वकील विचारेल, एक खोटं तर बाकीची तेवीस खरी कशावरून? बोल. तेव्हा कोणाची वाट लागेल?"

खोलीतला पंखा जोरात आवाज करत होता. डॉक्टरांनी गठ्ठ्यांकडे बघितलं, मग स्वतःच्या खिशाच्या शाईकडे.

"पुन्हा छापायला पैसे नाहीत," ते म्हणाले. "एक रुपया नाही. तुमचं नाव त्या पानावरून काढू का? वर कागदाची पट्टी चिकटवून?"

"माझं नाव काढायला मी वेडी आहे काय?" बाई म्हणाल्या.

पट्टीवरचा मजकूर त्यांनी तिथेच, त्या टेबलावर लिहिला. डॉक्टरांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला, पण हो म्हणाले. अट एकच : खर्च संस्थेचा नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं आणि डॉक्टर त्या खोलीत जमिनीवर बसलो होतो, वैशालीने डबा आणला होता. तीनशे प्रती. चोविसावं पान उघडायचं, चित्रकाराच्या नावाच्या ओळीवर पट्टी लावायची, दाबायची, मिटायचं. बाईंनी प्रत्येकाला फूटपट्टी दिली होती. माझी पहिली पट्टी तिरकी लागली तशी त्यांनी ब्लेडने ती सोलून काढली. "सावंत, तुझ्या हिशेबात चालत असेल तिरकं, इथे नाही." डॉक्टर मान खाली घालून लावत होते. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "मॅडम, पुन्हा गेलो जास्वंद शोधायला, दोनशे धरायला, तर काढाल?"

"धरायला ही येईल," बाईंनी वैशालीकडे बोट केलं, "मी येणार नाही. मला शिसारी येते." आणि पुढची पट्टी उचलली.

आता बाई वसईला भाच्याकडे राहतात. आमची बिल्डिंग रिकामी झाली. सुनावणी अजून पुढेच जाते आहे. मला त्या आठवतात त्या त्या शनिवारच्याच : फरशीवर मांडी घालून, निळ्या ड्रेसवर डिंकाचे डाग, दोन चष्म्यांतून एक डोळा मिटून पट्टीची कड ताडून बघताना. पट्टीवर दोन ओळी होत्या. डावी बाजू : एफ. परेरा. उजवी बाजू : कॉम्प्युटर.

पट्ट्यांच्या छपाईचे अकराशे रुपये परेरा बाईंनी भांडुपच्या छापखानेवाल्याला रोख दिले. त्याने पावती दिली नाही, तेव्हा मला पुन्हा पाठवून घेतली.